लेसर चालू आहे का बघायला कागद धरा

भाच्याचं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चोर-अलार्मचं काम चाललं होतं. आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर), बझर आणि समोर तो पितळी नळीतला छोटा लाल लेसर, केवाय-००८ नावाने मिळतो तो. सगळं जोडून झालं, झोत एलडीआरवर पडत असला की बझर गप्प हवा, पण तो काही गप्प बसेना, तर भाच्याने लेसर उचलला आणि चालू आहे का बघायला नळी सरळ स्वतःच्या डोळ्याकडे फिरवली. मी झटकन हात धरला. तो म्हणे, "मामा, पाच मिलीवॅटचा तर आहे, साधा एलईडी याच्यापेक्षा जास्त खातो!"

हिशोबाने पोराचं बरोबर आहे आणि घोळ नेमका तिथेच होतो. एलईडीचा उजेड खोलीभर पसरतो, त्यातला कणभरच डोळ्यात जातो. लेसरचा अख्खा झोत बाहुलीतून आत शिरतो आणि आपलंच भिंग तो डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) केसापेक्षा बारीक ठिपक्यात एकवटतं, म्हणजे जवळपास लाखपट तीव्र. १ मिलीवॅटपर्यंतच्या दिसणाऱ्या लेसरला क्लास २ म्हणतात, तिथे पाव सेकंदात आपोआप मिटणारी पापणी आपल्याला वाचवते. ५ पर्यंत क्लास ३आर, तिथे वाचायची शक्यता बरीच पण खात्री नाही. ५०० पर्यंत ३बी, आणि त्यापुढे क्लास ४, म्हणजे भिंतीवर पडलेला ठिपका जवळून बघणंसुद्धा धोक्याचं. आता लोक घरी घेतात ती लाकडावर नाव कोरायची मशीनं ५ आणि १० वॅटची असतात. ५ वॅट म्हणजे भाच्याच्या लेसरच्या हजारपट.

हे एवढं पोटतिडकीने लिहितोय कारण सहा वर्षांपूर्वी मी जुन्या डीव्हीडी रायटरमधला लाल लेसर डायोड काढून एलएम३१७ या रेग्युलेटर चिपवर चालवत होतो, रात्रीची वेळ, ठिपका नीट दिसावा म्हणून दिवा बंद केलेला (म्हणजे बाहुली पूर्ण उघडी), आणि फोकस फिरवताना स्क्रू ड्रायव्हरचं चकचकीत टोक झोतात आलं. डाव्या डोळ्यात एक चमक. दुखलं अजिबात नाही, म्हणून मी पुढे तासभर काम करत बसलो. पडद्याला वेदना कळतच नाही, त्यामुळे काही झालंय हे शरीर सांगत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा बघितला, स्कॅन केला, तर मध्यबिंदूच्या अगदी शेजारी बारीक डाग. आजही उजवा डोळा झाकून पेपर वाचला की ओळीतलं एक अक्षर पुसल्यासारखं दिसतं, 'कमळ' मधला म जातो, नजर सरकवली की ळ जातो. ते परत येणार नाही.

हिरव्या पॉइंटरचं वेगळंच प्रकरण. त्याच्या आत ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा डायोड असतो, त्याच्यावर एक क्रिस्टल १०६४ बनवतो आणि दुसरा त्याचा ५३२ म्हणजे हिरवा करतो. पहिले दोन्ही इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारे, ते अडवायला पुढे एक फिल्टर लागतो आणि स्वस्त मालात तोच गाळलेला असतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या सरकारी संस्थेने असा एक पॉइंटर मोजला, लेबल १० मिलीवॅटचं आणि त्यातून इन्फ्रारेडच जवळपास २० मिलीवॅट निघत होतं. हिरवा मंद दिसतोय म्हणून माणूस बिनधास्त, आणि न दिसणाऱ्या उजेडाला पापणी मिटत नाही.

गॉगलबद्दल लोक फार फसतात. कोरायच्या मशीनसोबत फुकट येणाऱ्या हिरव्या चष्म्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो नुसता रंगीत प्लास्टिक समजा. तरंगलांबी आणि ओडी (गॉगल किती उजेड अडवतो त्याचा आकडा) दोन्ही छापलेलं पाहिजे, ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येणार. ४५० नॅनोमीटरच्या निळ्यासाठीचा नारिंगी गॉगल ६५० च्या लाल लेसरला अडवत नाही. आणि साधा काळा गॉगल तर त्याहून वाईट, अंधाराने बाहुली मोठी होते.

माझी पद्धत आता अशी की ड्रायव्हर (लेसरला करंट देणारं सर्किट) आधी डमी लोडवर, म्हणजे लेसरच्या जागी चार १एन४००७ साधे डायोड सिरीजमध्ये आणि एक ओहमचा रेझिस्टर, त्याच्यावर जितके मिलीव्होल्ट तितका मिलीअँपिअर करंट, तो सेट झाल्याशिवाय लेसर डायोड जोडतच नाही. घड्याळ, अंगठी काढून ठेवतो, खोलीतला दिवा चालू, झोत बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येणार नाही असा, आणि शेवटी तो काळ्या मॅट रंगाच्या डबीत संपतो. पुण्यात २०२४ च्या गणेशोत्सवात पोलिसांनी लेसर बीमवर बंदी घातली तेव्हा बरेच जण चिडले होते, मला मात्र मनापासून बरं वाटलं. मिरवणुकीत झोत कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल हे कोण बघणार?

भाच्याचा अलार्म का वाजत होता तेही निघालं. एलडीआरसमोर पांढरा कागद धरला तर लाल ठिपका बोटभर बाजूला पडत होता. नळी जरा सरकवली, बझर लगेच गप्प. मग त्याने झोतावर दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याची नळी बसवली, मध्ये हात जाईल एवढीच फट ठेवली, एलडीआरच्या मागे काळा कागद लावला, आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने स्वतःच लिहिलं, "चालू आहे का बघायला कागद धरा".