क्लचची केबल का तापली?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांच्या गाडीने सेल्फ घेणं बंद केलं. 1998 सालची कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी, चिपळूणजवळच्या आमच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. चावी फिरवली की बॉनेटखाली एक ठाम ‘टक’, इंजिन जेमतेम कण्हायचं आणि गप्प. चार-पाच वेळा फिरवल्यावर कधी चालू व्हायची, नाहीतर धक्का. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाबांनी भर पावसात धक्क्यासाठी शेजाऱ्यांना हाका मारायच्या, हे पुण्यात बसून ऐकवेना.

मी पोचेपर्यंत नवी बॅटरी बसली होती. फरक काहीच नाही. मग गॅरेजमधून सल्ला आला, सेल्फच, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटरच बदला, साडेचार हजार धरा. पण एकेक वस्तू बदलत दोष सापडायची वाट बघणं मला पटत नाही. शनिवारी सकाळी मल्टिमीटर काढला.

आधी आवाज नीट ऐकला. बॅटरी उतरलेली असेल तर बहुधा भराभर ‘कटकटकट’ होतं. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच, ओढला जातो, मोटर करंट खेचते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो. आमच्याकडे एकच टक. म्हणजे चावी, स्विच आणि सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर आपलं काम करत होती. दोष मोठ्या करंटच्या जाड वायरींच्या वाटेवर किंवा सेल्फच्या आत, मोटरला करंट पोचवणाऱ्या कार्बनमध्ये नाहीतर फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये.

इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची प्लसची वायर काढली, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. बॅटरी नुसती 12.6 व्होल्ट दाखवत होती. “बाबा, फिरवा.” आकडा 11.4 वर उतरला आणि तिथेच थांबला. बॅटरीवरचा माझा संशय त्याच क्षणी गेला. ती कमजोर असती तर आकडा साडेनऊच्याही खाली गेला असता. सेल्फ आतून जाम असता, तरी त्याने भरमसाट करंट खेचून व्होल्टेज आणखी पाडलं असतं. इथे पुरेसा करंट वाहतच नव्हता.

तेवढ्यात बाबा म्हणाले, “अरे, पेडलाकडून जळका वास येतोय बघ.” गिअरबॉक्सजवळ क्लचच्या केबलला बोट लावलं आणि चटका बसला. क्लचच्या केबलचा आणि विजेचा काय संबंध? दोन मिनिटं मी तसाच उभा राहिलो आणि मग सगळं जुळलं. सेल्फ गिअरबॉक्सला बोल्टने आवळलेला असतो. इंजिन-गिअरबॉक्सचं धड हाच त्याचा मायनस. हे धड रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे आमच्या गाडीत करंट बॉडीवर आणि तिथून बॅटरीकडे परततो तो तांब्याच्या एका विणलेल्या पट्टीतून, म्हणजे अर्थिंगमधून. ती वाट बंद झाली की शंभरावर अँपिअरचा करंट सापडेल त्या लोखंडातून घुसतो. आमच्याकडे तो क्लचच्या केबलमधून परतत होता.

मग खरं माप घेतलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंट्यावर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरी गिअरबॉक्सच्या खरवडून चकचकीत केलेल्या जागेवर. चावी फिरवली: 3.8 व्होल्ट! हा आकडा 0.2 च्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. बॅटरीचा मायनस ते बॉडी 0.1, प्लसच्या बाजूला सेल्फच्या जाड नटापर्यंत 0.3, दोन्ही ठीक. सगळं नुकसान त्या एका पट्टीत.

हीच पट्टी मी तासाभरापूर्वी ओहमवर तपासली होती आणि मीटरने ती उत्तम ठरवली होती! ओहम मोजताना मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. तेवढ्याला चार धागे शाबूत असले तरी पुरतात. 0.03 ओहम साध्या मीटरवर कळतही नाही, पण 130 अँपिअर वाहिले की तेवढ्यानेच जवळजवळ 4 व्होल्ट जातात. म्हणून जाड वायर नेहमी चावी फिरवत असताना, व्होल्टवरच मोजायची.

खात्रीसाठी जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन उचलायच्या हुकाला लावलं. चावी फिरताच इंजिन असं गरगरलं की बाबा आतून ओरडले, “हां, हाच आवाज!”

पट्टी काढायला अर्धा दिवस गेला, बोल्ट गंजून धरला होता. चिखलाखाली ती वरवर धडधाकट दिसत होती. लगजवळ, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीजवळ वाकवली तर हिरवी पूड सांडली आणि धागे वाळक्या गवतासारखे तुटले. कोकणातले सत्तावीस पावसाळे तिने खालून झेलले होते. गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने जाड केबलला दोन्ही टोकांना लग दाबून 220 रुपयांत नवं अर्थिंग करून दिलं. बसवण्याआधी दोन्ही जागा पॉलिश पेपरने पांढऱ्या होईपर्यंत घासल्या, आवळल्यावर वरून ग्रीस. क्लचच्या केबलचं अस्तर आतून वितळलं होतं, तीही बदलली.

कॉइलची वायर जोडण्याआधी पुन्हा मोजलं: 0.12. बाबांनी तो आकडा तारखेसकट गाडीच्या वहीत उतरवून घेतला, आणि यंदा सात जूनला स्वतः मीटर लावून त्याखाली लिहिलं, 0.14.