कल्चरचा रिपोर्ट आजच का मिळत नाही?

परवा दुपारी लॅबच्या खिडकीशी एक आई उभी होती. आठ वर्षांची मुलगी कमरेला बिलगलेली, तापाचा पाचवा दिवस. "मॅडम, पलीकडचे विडालचा रिपोर्ट संध्याकाळी देतो म्हणाले. तुमच्या कल्चरला तीन-चार दिवस कशाला?" इथे परळला पावसाळा लागला की हा प्रश्न मला रोज विचारतात. खिडकीवर रांग असते, उत्तर अर्धवट राहतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज नीट सांगते. कल्चर म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं; विडाल ही टायफॉईडसाठीची दुसरी रक्ततपासणी.

टायफॉईड, आपल्या आज्यांचा मुदतीचा ताप, शाळकरी मुलांना आणि कॉलेजच्या वयातल्या पोरांना जास्त गाठतो. त्याचा जंतू, साल्मोनेला टायफी, दूषित पाण्यातून किंवा खाण्यातून पोटात जातो आणि आतड्यातून रक्तात उतरतो. पण रक्तात तो असतो किती? एका मिलिलिटरमध्ये बरेचदा जेमतेम एखादा. लहान मुलाचं आम्ही दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतो. म्हणजे माझ्या हाती येतात मोजके दोन-चार जंतू. ते नुसते शोधून सापडणार नाहीत, वाढवावेच लागतात.

ते रक्त आम्ही एका बाटलीत घालतो. बाटलीत पातळ पिवळसर द्रावण असतं, ते जंतूंचं जेवण. बाटली मशीनमध्ये शरीराच्या उबेला ठेवायची. अर्ध्या तासाला एकाचे दोन धरले तर दहा तासांत एकाचे दहा लाख होतात, पण मशीनला चाहूल लागायला तेवढेही पुरत नाहीत. वाढणारे जंतू कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने बाटलीच्या बुडाची हिरवट चकती पिवळी पडते आणि मशीन वाजतं. यात एक-दोन दिवस जातात. मग त्यातला थेंब प्लेटवर, म्हणजे जंतूंच्या खाद्याचा थर असलेल्या बशीत, पसरायचा आणि रात्रभर थांबायचं. मॅकॉन्की नावाच्या खाद्याच्या प्लेटवर ई. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा जंतू गडद गुलाबी उगवतो, टायफी मात्र फिकट, बिनरंगी ठिपक्यांसारखा. ते ठिपके उचलून नव्या प्लेटवर सारवायचे, त्यावर औषधांच्या इवल्या चकत्या ठेवायच्या आणि पुन्हा एक रात्र. सकाळी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. वर्तुळ पुरेसं मोठं, तर औषध लागू.

माझा सगळा जीव त्या वर्तुळात असतो. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉईड बरा होऊ लागला, पुढे जंतू त्याला दाद देईनासा झाला. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं. आज आपल्याकडच्या बहुतेक टायफीवर तेही भरवशाचं राहिलेलं नाही. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिॲक्झोनलाही न जुमानणारा टायफी पसरला. कोणत्या मुलाला कोणतं औषध चालेल, हे विडाल सांगूच शकत नाही.

विडाल १८९६ सालची तपासणी. ती जंतू शोधत नाही, शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं पाहते. पहिल्या आठवड्यात ती पुरेशी तयार झालेली नसतात, आणि पूर्वी कधी संसर्ग झाला असेल तर दुसऱ्याच तापातही ती दिसू शकतात. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करून प्रतिपिंडांचा आकडा चौपट वाढला, तर तिला अर्थ. एकदाच करून "टायफॉईड आहे" म्हणणं मला पटत नाही. कल्चरही सगळे रुग्ण पकडत नाही, दहांतले सहाच्या आसपास. पण जे पकडतं ते पक्कं असतं.

हा पक्केपणा संशोधनालाही लागतो. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉईडची नवी कॉन्जुगेट (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेली) लस दिली. आधी अर्ध्या भागात दिली, उरलेला भाग तुलनेला ठेवला आणि दोन्हीकडच्या तापाच्या मुलांची कल्चरं केली. लस घेतलेल्यांत टायफॉईड कमी झाला, हे त्या बाटल्यांमुळे ठामपणे सांगता आलं. विडालवर विसंबले असते तर ते कळलंच नसतं.

मला एकच मागायचं आहे. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी रक्त द्या. रक्त घेतलं की डॉक्टर लगेच औषध सुरू करू शकतात, रिपोर्टसाठी मुलाला तापात ठेवावं लागत नाही. गेल्या वर्षी एक वडील मुलाला घेऊन आले. घरात मागच्या आजारातल्या गोळ्या उरल्या होत्या, त्यातल्या चार देऊन झाल्या होत्या. पाच दिवस बाटली मशीनमध्ये होती, काहीच उगवलं नाही. मुलाचा ताप उतरायला पुढे दोन आठवडे लागले, औषध दोनदा बदलावं लागलं. "मॅडम, आधी कुणी सांगितलं असतं तर..." एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून खिडकीवर रांग कितीही असो, मी पहिला प्रश्न तोच विचारते: कुठली गोळी दिली आहे का?

परवाच्या त्या मुलीला दिलेली नव्हती. तिची बाटली काल रात्री वाजली. आज संध्याकाळी प्लेटवर फिकट ठिपके दिसले, तिच्या डॉक्टरांना फोन केला, चकत्या ठेवल्या. उद्या सकाळी आठला मी पट्टी घेऊन बसेन.