टॉवर मागे ठेवून: पॅरिसमध्ये चेहऱ्यासाठी जागा शोधताना

पहिल्या दिवशी मी कॅमेरा बॅगेतून बाहेरच काढला नाही. धाकट्या बहिणीला ते अजिबात पटलं नाही. "ताई, चारच दिवस आहेत तुझ्याकडे. त्यातला एक नुसता चालण्यात घालवणार?"

हो, नुसता चालण्यात. तिचं पॅरिसमधलं संशोधन पूर्ण झालं होतं, महिनाभरात ती ते शहर कायमचं सोडणार होती. सहा वर्षं जिथे काढली तिथले आपले चार नीट फोटो असावेत म्हणून तिने मला बोलावून घेतलं होतं. निघताना आईने एवढंच सांगितलं, "आयफेल टॉवरचे फोटो मी खूप पाहिलेत गं. मला तिचा चेहरा दिसू दे."

आईच्या त्या एका वाक्याने माझं काम सोपं झालं. मोठ्या शहरात पोर्ट्रेट काढायला गेलं की आपण आधी इमारत बघतो, पूल बघतो, आणि माणसाला मग त्यात कुठेतरी उभं करतो. मी आधी त्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावर उजेड कुठून येतोय ते बघते. मागे काय दिसतंय, ते त्यानंतर. म्हणून रेकीला, म्हणजे जागा आधी हेरून ठेवायच्या फेरीला, माझ्याबरोबर फक्त एक वही आणि फोनमधलं होकायंत्र होतं. आणि एक जुनी सवय: हात लांब करून मूठ वळायची आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. बोटांच्या उंचवट्यांखाली सावली कडक पडली, तर डोळ्यांच्या खोबणीतही तशीच पडणार. मूठ ज्या दिशेला मऊ दिसली, ती दिशा वहीत टिपायची. रस्त्यात असं फिरताना लोक बघतात, बघू देत.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. पॅरिस जवळजवळ ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे या दिवसांत भर दुपारीही सूर्य ३८ अंशांच्या वर चढत नाही. जूनमध्ये तो ६४ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे दुपारचं ऊनसुद्धा तिरपं, कपाळाखाली शिरून डोळ्यांपर्यंत पोचणारं. सूर्योदय सकाळी आठच्या सुमारास, सूर्यास्त सायंकाळी सव्वासातनंतर. त्यातून इथे सूर्य घसरगुंडीवरून उतरल्यासारखा तिरका मावळतो. क्षितिजाआधीचे शेवटचे सहा अंश, म्हणजे ज्याला आपण गोल्डन अवर म्हणतो त्यातला सर्वांत चांगला भाग, उतरायला त्याला पस्तीसेक मिनिटं लागतात. विषुववृत्ताजवळ हेच चोवीस-पंचवीस मिनिटांत संपतं. दहा मिनिटं जास्त म्हणजे एका माणसाला सैल व्हायला मिळालेली दहा मिनिटं. त्यांची किंमत फोटो काढणाऱ्याला विचारा.

चालता चालता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. या शहराच्या जुन्या इमारती फिकट, सायीच्या रंगाच्या चुनखडीच्या आहेत. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यावर दक्षिणेकडचा फुटपाथ सावलीत असतो आणि समोरची अख्खी भिंत उन्हात न्हालेली. तुम्ही सावलीत उभे राहा आणि त्या भिंतीकडे तोंड करा: चार-पाच मजली रिफ्लेक्टर समोर धरल्यासारखा उजेड येतो, तोही किंचित ऊबदार. डोळ्यांत लांबट, मोठा कॅचलाइट, म्हणजे बुबुळात चमकणारा उजेडाचा ठिपका. दुसऱ्या दिवशी दुपारी अशाच एका बिननावाच्या गल्लीत, एका बंद हिरव्या दारासमोर मी बहिणीचे फोटो काढले. बाहेरच्यांनी ती गल्ली कधीच पाहिलेली नसेल, आणि तरी पहिल्याच फोटोला ती म्हणाली, "अगं, मी अशी दिसते?"

त्याच सकाळी आम्ही टॉवरसमोरच्या ट्रोकाडेरोच्या पटांगणात जाऊन आलो होतो. पहाटे साडेसातला, अजून झुंजुमुंजू असताना, तिथे लांब घेरदार झगे घातलेल्या नवऱ्या मुली, त्यांचे फोटोग्राफर, फोन घेऊन उभे असलेले पर्यटक, सगळे आपापल्या पाळीची वाट पाहत होते. गर्दी हे मला तितकं मोठं कारण वाटत नाही. खरी अडचण अशी की ते मोकळं पटांगण आहे. डोक्यावर काही नाही, बाजूला काही नाही. सूर्य वर आला की ऊन अडवायला किंवा मऊ करायला तिथे काहीच नाही. टॉवर तिथून आग्नेयेला. ऑक्टोबरात सूर्य त्याच्या डावीकडून उगवतो, त्यामुळे पहिली पाच-दहा मिनिटं केसांवर सुंदर कडा येते. ती मात्र खरोखर बघण्यासारखी असते. पण टॉवर फ्रेममध्ये पूर्ण बसवायचा तर लेन्स रुंद लागते, आणि रुंद लेन्समध्ये माणूस एवढासा होतो. आईचं वाक्य आठवलं आणि आम्ही तिथून निघालो.

नदीकाठाने चालत बीर-हाकेमच्या पुलावर आलो. हा पूल मला पाहताक्षणी आवडला. १९०५ साली बांधलेला, दोन मजली: खालून रस्ता, वरून मेट्रोची ६ नंबरची लाइन. पूर्वी त्याला पासीचा पूल म्हणत. लिबियातल्या बीर हाकेमच्या १९४२ सालच्या लढाईची आठवण म्हणून १९४८ मध्ये नाव बदललं. मधोमध लोखंडी खांबांची दुहेरी रांग, आणि तिच्यामधून लांबच लांब जाणारी वाट. वरचा मेट्रोचा मजला छपराचं काम करतो. डोक्यावरून येणारा उजेड, जो डोळ्यांखाली काळं करतो, तो तिथेच अडतो, आणि नदीवरून दोन्ही बाजूंनी आडवा उजेड आत येतो. मी बहिणीला खांबाला टेकायला सांगितलं आणि चेहरा नदीकडे वळवायला लावला. एक गाल उजळ, दुसरा हळूहळू सावलीत जाणारा. घराच्या दारात उभं राहिल्यावर दिसतो तसाच तो उजेड. ८५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, २ वर, चांगलं मोठं उघडलेलं. मागचे खांब विरघळून नुसत्या करड्या रेघा उरल्या.

दर काही मिनिटांनी वरून मेट्रो जायची आणि अख्खा पूल घुमायचा. पहिल्या वेळी ती दचकली, दुसऱ्या वेळी हसली. तिसऱ्या मेट्रोची मी कॅमेरा रोखून वाट बघत होते.

संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथेच आलो. पुलावरून टॉवर ईशान्येच्या बाजूला दिसतो, म्हणजे मावळता सूर्य जवळजवळ आपल्या पाठीशी. टॉवर तांब्यासारखा तळपतो, पण टॉवरकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत ऊन थेट जातं आणि डोळे बारीक होतात. यावर एकच उपाय: खांबाच्या सावलीत चेहरा घ्यायचा आणि उन्हातला टॉवर मागे धूसर होऊ द्यायचा. सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं, तेव्हा टॉवरचे दिवेही लागलेले असतात. अंधार पडल्यावर दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं तो लुकलुकतो, तेव्हा माणूस आपसूकच मागे वळून बघतो. मी तो वळलेला क्षण घेतला, टॉवर निम्मा कापून. इथे एक सांगून ठेवते: टॉवरच्या रात्रीच्या रोषणाईवर हक्क राखीव आहेत. घरच्यांसाठी फोटो काढायला हरकत नाही, पण तुम्ही पैसे घेऊन, जाहिरातीसाठी काम करणार असाल तर आधी परवानगी घ्या. दिवसा हा प्रश्न येत नाही.

तिसऱ्या दिवशी ढग होते आणि पाऊस भुरभुरत होता. बहीण हिरमुसली, मला मात्र मनातून बरं वाटलं. आम्ही पाले-रोयाल या जुन्या राजवाड्यात गेलो. तिथल्या अंगणात दानिएल ब्युरेन या कलाकाराचे काळे-पांढरे पट्टेरी खांब आहेत, १९८६ सालचे, २६०. त्यांवर चढून फोटो काढायची सगळ्यांना हौस असते. मी ते सोडून दिले, कारण इतके ठसठशीत पट्टे चेहऱ्याजवळ आले की नजर त्यांच्यावरच जाते. खरी जागा आहे त्यापलीकडच्या बागेच्या कडेची ओवरी. वर छप्पर, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बागेकडे उघडणाऱ्या कमानी. ढगाळ दिवशी प्रत्येक कमान म्हणजे एक मोठी खिडकी. माणसाला कमानीपासून दोन पावलं आत उभं करा, तोंड बागेकडे: त्वचा मऊ दिसते, डोळ्यांत उजेड राहतो. आणखी दोन पावलं आत नेलं की तोच चेहरा गंभीर होतो. मी तिला मागे-पुढे सरकवत होते आणि ती मुकाट्याने सरकत होती, एवढ्यात ती म्हणाली, "संशोधन अडलं ना, की मी इथे येऊन बसायचे. या बाकावर. रडलेय पण इथे."

मला हे ठाऊक नव्हतं. रेकीच्या वहीत उजेडाची दिशा लिहिता येते, हे कुठे लिहिणार? त्या बाकावर तिचे खांदे आपोआप खाली आले, हातांचं काय करायचं हा प्रश्नच उरला नाही. पोझ सांगायची वेळच आली नाही. त्या चार दिवसांतले सगळ्यात चांगले फोटो त्या अर्ध्या तासातले आहेत, आणि आता कोणाचेही फोटो काढायचे असले की मी आधी विचारते, या शहरात तू दमल्यावर कुठे जातेस?

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात सांगते. ब्यूत-शोमाँ ही बाग जिप्समच्या जुन्या खाणीवर १८६७ मध्ये उभी राहिली. कडा, तळं, माथ्यावरचं देऊळ, सगळं देखणं. पण दाट झाडांखाली चेहऱ्यावर हिरवट झाक येते. पानांमधून गाळलेला आणि गवतावरून उसळलेला उजेड एकत्र पडतो, आणि व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगाची झाक काढणाऱ्या सेटिंगने, तो पुरता सुधारत नाही. तिथे तळ्याकाठी, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभं राहावं. अलेक्झांडर तिसरा पूल १९०० सालचा; त्याचे दिवे सुंदर आहेत, सूर्यास्तही नदीवर दिसतो, पण तिथे एका जागी पाच मिनिटं शांत उभं राहता येत नाही. रू क्रेमिय ही रंगीत घरांची छोटी गल्ली आम्ही मुद्दाम टाळली. दिवसभर दारात चाललेल्या फोटोंना कंटाळून तिथल्या रहिवाशांनी २०१९ मध्ये संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी गल्ली फाटक लावून बंद करण्याची मागणी केली होती. कोणाच्या उंबऱ्यावर बसून आपण आपला फोटो काढावा, हे मला बरं वाटत नाही.

शेवटच्या दुपारी तिला घेऊन बुलेव्हार द्यु ताँप्लला गेले. तिथे बघण्यासारखं काही नाही: झाडं, गाड्या, चालणारी माणसं. पण १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने आपल्या खिडकीतून याच रस्त्याचा फोटो काढला होता. प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे हलणारी सगळी वर्दळ पुसली गेली. उरला तो बूट पॉलिश करून घ्यायला पाय वर ठेवून थांबलेला एक माणूस. फोटोत माणूस दिसतो अशी ती सर्वांत जुनी प्रतिमा मानली जाते.

मी लेन्सवर उजेड कमी करणारी काळी एनडी फिल्टर चढवली, कॅमेरा फुटपाथच्या कडेला छोट्या ट्रायपॉडवर ठेवला आणि तिला झाडाला टेकून उभं केलं. शटर आठ सेकंद उघडं. "श्वास रोखू नकोस," मी म्हटलं, "फक्त हलू नकोस." पहिल्या वेळी तिची मान हलली. दुसऱ्या वेळी कोणीतरी तिला रस्ता विचारला. तिसऱ्या वेळी ती झाडाइतकी स्थिर राहिली, आणि स्क्रीनवर बघितलं तर सहा वर्षं तिच्या आजूबाजूने वाहत असलेलं ते शहर धुरासारखं पसरलं होतं आणि मधोमध ती, अगदी स्पष्ट.

"हा आईला पाठव," ती म्हणाली. "टॉवर नाहीये यात."