पापण्यांचं ऑपरेशन : माझा अनुभव

"बरं नाही काय गं?" चार वर्षं हा प्रश्न मी ऐकत होते. राजारामपुरीतली भाजीवाली विचारायची, लग्नात भेटलेल्या बायका विचारायच्या. झोप पुरेशी झालेली असायची, तरी चेहरा दमलेला. वय 61. वरच्या पापणीची कातडी सैल होऊन पापणीच्या केसांवर टेकली होती. काजळ घातलं की दुपारपर्यंत वर उमटायचं. संध्याकाळी कपाळ ठणकायचं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना मी फक्त एवढंच सांगितलं की स्कूटीवरून सिग्नल बघायला मान वर करावी लागते. दिसण्याबद्दल बोलायची लाज वाटली. त्यांनी माझ्या भुवया बोटांनी दाबून धरल्या आणि डोळे उघडायला लावले. नेहमीइतके उघडेचनात. दिवसभर मी कपाळाच्या स्नायूंनी पापण्या उचलत होते.

मग नजरेच्या आवाक्याची तपासणी दोनदा झाली. यंत्रात डोकं टेकवायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. आधी तशीच, नंतर पापण्या चिकटपट्टीने वर धरून. दुसऱ्या खेपेला वरच्या बाजूचे ठिपके भराभर दिसले आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हा मी सांगून टाकलं, डॉक्टर, मला चांगलंही दिसायचंय. ते म्हणाले, त्यात गैर काय?

अश्रूंचं प्रमाणही कागदाच्या पट्टीने पाहिलं, कारण डोळे कोरडे असले तर नंतर त्रास वाढतो. बीपी आटोक्यात हवं होतं. माझी रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच थांबवली. ती कुणी मनाने बंद करू नये, हे कळकळीने सांगते.

ऑपरेशनआधी बसवूनच खुणा केल्या. आडवं झाल्यावर कातडी सरकते. भुलीचं इंजेक्शन पापणीत चांगलंच झोंबलं. पुढे दुखलं नाही, पण कातडी जळल्याचा वास येत होता आणि मी मनात अंबाबाईचं नाव घेत होते. मधेच "डोळे मिटा, उघडा" असं सांगायचे. कातडी जास्त काढली तर डोळा पूर्ण मिटत नाही, म्हणून ते मोजूनमापून काढत होते. तासाभरात दोन्ही डोळे झाले.

पहिले दोन दिवस बर्फाचा शेक, दोन उशांवर झोप. चेहरा काळानिळा. ह्यांनी आरसाच झाकून ठेवला. एकदम जोरात दुखलं, डोळा फुगला किंवा दिसायला कमी झालं तर रात्री-अपरात्रीही लगेच या, असं बजावलं होतं. डोळ्याच्या मागे रक्त साचलं तर नजर जाऊ शकते. माझ्यावर तशी वेळ आली नाही. रात्री डावा डोळा किंचित उघडा राहायचा. मलम आणि थेंबांवर आठ-दहा दिवसांत ते थांबलं. सहाव्या दिवशी टाके काढले, दोन आठवड्यांत निळेपणा गेला.

परवा अक्का आली होती. तिचीही एक पापणी खाली आलीय. मला बघून म्हणाली, "माझं पण करून टाकू या की." तिला डॉक्टरांकडे नेलं. तिची कातडी सैल नाहीच, पापणी उचलणारा स्नायूच कमजोर पडलाय, त्याचं ऑपरेशन निराळं असतं. शिवाय पापणी नेमकी कशाने उतरली, ते आधी शोधायचंय. गुरुवारी तिच्या तपासण्या आहेत, मीच घेऊन जाणार आहे.