बाई, पाटवडी आणि 'ट्रान्श'

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर बाईच उभ्या राहिल्या. इंग्रजीच्या बाई. नुसतं 'बाई' म्हटलं की कोण, हे आमच्या वेळच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. स्नेहसंमेलनं, कबड्डीचा संघ, पटांगणावरचं झेंडावंदन यांवर बाकीचे लिहितीलच. मी बाईंवरच लिहिणार आहे.

जिन्याखालच्या फळ्यावर बाई रोज 'हितवाद'चं एक कात्रण लावायच्या. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने 1911 मध्ये नागपुरात सुरू केलेलं हे इंग्रजी वर्तमानपत्र. आम्ही महालातली, इतवारीतली मराठी शाळेची पोरं. आमच्या घरी इंग्रजी पेपर कुठला यायला? कात्रणातल्या एका शब्दाखाली लाल शाईची रेघ असायची आणि त्या दिवशीचा तास त्या शब्दावरूनच सुरू व्हायचा.

1981 च्या हिवाळ्यात आम्ही नववी ब मध्ये होतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताला पाच अब्ज एसडीआरचं कर्ज मंजूर केलं होतं. एसडीआर म्हणजे निधीचं स्वतःचं हिशेबाचं एकक. निधीने तोवर कोणत्याही देशाला एवढं मोठं कर्ज दिलेलं नव्हतं. पैसे एकदम मिळणार नव्हते. अटी पाळल्या जातात का ते बघत तीन वर्षांत मिळणार होते. त्या बातमीत लाल रेघ होती 'ट्रान्श' या शब्दाखाली. बाईंनी आधी उच्चार घोटून घेतला. "ट्रेंच नाही रे, ट्रँचही नाही. फ्रेंच शब्द आहे, ट्रान्श म्हणा." मग टेबलावरचा डबा उघडला. डब्यात पाटवडी होती, वर खोबरं-कोथिंबीर पेरलेली. एक वडी उचलून त्या म्हणाल्या, "ताटात थापली तेव्हा ही वेगळी होती का? एकच थर होता. सुरी फिरली तेव्हा हिची वडी झाली. आधी अख्खं ताट, मग वडी. ताट नसेल तर ट्रान्श म्हणायचं नाही."

मग त्यांनी फळ्यावर त्या शब्दाचं गणगोत मांडलं. कापणे या अर्थाचं फ्रेंच क्रियापद वर, त्याखाली जमीन कापून केलेला ट्रेंच, धारदार बोलण्यासाठी ट्रेंचंट आणि सगळ्यात शेवटी रिट्रेंचमेंट. हा शब्द लिहिताच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हा मला माहीत आहे. छाटणी." त्याचे वडील गिरणीत होते. वर्ग एकदम गप्प झाला. बाईंनी खडू घेतला आणि रिट्रेंचमेंटच्या शेजारी मोठ्या अक्षरात 'छाटणी' लिहिलं. तास संपला, तरी ते पुसू दिलं नाही. डब्यातली पहिली वडी त्या दिवशी त्याला मिळाली. पुढे तो कामगारांचे खटले चालवणारा वकील झाला, याचं मला फार अप्रूप आहे.

1984 मध्ये सरकारने या कर्जातले उरलेले 1.1 अब्ज एसडीआर घ्यायचे नाहीत असं ठरवलं. तोवर 3.9 अब्ज उचलले होते. मी तेव्हा वाणिज्य महाविद्यालयात होतो. धाकटा भाऊ शाळेतून निरोप घेऊन आला, "बाईंनी सांगितलंय, शेवटची वडी ताटातच राहिली." शाळा सोडून गेलेल्या मुलाशी अर्धवट राहिलेला धडा असा पुरा करणाऱ्या शिक्षिका मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत.

पुढे बँकेत लागलो, कर्ज विभागातच वाढलो आणि उपमहाव्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. प्रकल्पांना टप्प्याटप्प्याने कर्ज देण्यात उमेदीची वर्षं गेली. नवे अधिकारी ट्रान्श म्हणजे हप्ता असं धरून चालत, तेव्हा मी त्यांना पाटवडीच सांगायचो. हप्ता तारखेवर चालतो. प्रत्येक ट्रान्शला स्वतःच्या अटी असू शकतात, स्वतःची जोखीमही. अमेरिकेत 2008 साली जे कोसळलं त्यात हेच होतं. हजारो गृहकर्जं एका ताटात थापायची आणि मग थर कापून विकायचे. बुडालं तर आधी खालच्या थराने सोसायचं, वरचा थर सुरक्षित समजायचा. ताटातलं पीठच कच्चं होतं, म्हणून वरचे थरही ढासळले.

आता हा शब्द पैशांच्या बाहेर पडला आहे. इंग्रजी पेपरांत सरकारी कागदपत्रांचा ट्रान्श येतो, फुटलेल्या ईमेलचा येतो, सामन्यांच्या तिकिटांचा येतो. काही जाणकार नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. एका साठ्यातले कागद आज काही, पुढच्या महिन्यात काही असे बाहेर येणार असतील, तर ट्रान्श याहून नेमका शब्द मिळायचा नाही. नुसत्या ढिगाला ट्रान्श म्हणतात तेव्हा मात्र खटकतं. हा कशाचा तुकडा आणि बाकीचं कुठे आहे, असं बाईंनी तिथल्या तिथे विचारलं असतं. असला वापर दिसला की मी आजही लाल रेघ मारतो. बाई गेल्या, पण पेपर वाचताना हातात लाल पेन असतंच.

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. वर्गात डिजिटल फळे आलेत, प्रयोगशाळा देखणी झाली आहे, बघून बरं वाटलं. जिन्याखालचा फळा मात्र निघाला आणि तिथे चषकांचं काचेचं कपाट आलं. ते चषक मुलांनी कष्टाने मिळवले आहेत, त्यांना जागा हवीच. तरी फळा गेल्याची हळहळ काही केल्या जात नाही. आजची मुलं दिवसभर इंग्रजी ऐकतात, पण एका शब्दापाशी अख्खा तास थांबायला त्यांना कोण शिकवणार?

शाळेची परवानगी असेल तर कपाटाशेजारच्या भिंतीवर मी स्वखर्चाने फळा बसवून देईन, रोजच्या पेपरचे पैसे भरीन आणि दर शनिवारी नववीच्या एका तासाला येईन. तसं पत्र मुख्याध्यापकांच्या नावे या लेखासोबत पाठवत आहे.