कॅनॉलचा रस्ता नकाशावर आणला, त्याची हकिकत

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात मार्च उलटला की पाण्याचे टँकर धावायला लागतात. टँकरचं बिल निघताना किलोमीटर मोजले जातात, आणि ते मोजायचे गाडीत बसवलेल्या जीपीएसवरून. एका कंत्राटदाराच्या ऑफिसात मी हा हिशेब बघते. गेल्या उन्हाळ्यात जीपीएसचे बिंदू रस्त्यावर नीट बसवण्यात माझे तीन आठवडे गेले.

आधी आमची रीत साधी होती. एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचं सरळ अंतर काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. पण या रीतीत उभी गाडीसुद्धा चालते. विहिरीवर टँकर भरायला चाळीस मिनिटं लागतात. यंत्र दर १० सेकंदांनी बिंदू पाठवतं, म्हणजे २४० बिंदू. प्रत्येक बिंदू तीन-साडेतीन मीटर इकडंतिकडं सरकला तरी जागेवर उभ्या टँकरच्या नावावर पाऊण किलोमीटर चढतो. उलट, वळणावर बिंदू विरळ पडले की वळण कापलं जातं आणि अंतर कमी भरतं. एक चूक दुसरीला झाकते, म्हणून महिनामहिना कुणाच्या लक्षात येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे मॅप मॅचिंग, बिंदू नकाशातल्या रस्त्यांवर जुळवून बसवणं. मी वल्हाला हे मोफत मिळणारं साधन घेतलं. त्याच्या मुळाशी असलेली रीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या पॉल न्यूसन आणि जॉन क्रम यांनी २००९ साली मांडली. प्रत्येक बिंदूच्या आसपासचे रस्ते उमेदवार म्हणून धरायचे आणि दोन गोष्टी तोलायच्या: बिंदू त्या रस्त्यापासून किती लांब आहे, आणि या रस्त्यावरून त्या रस्त्यावर गाडीनं जायचं अंतर दोन बिंदूंमधल्या सरळ अंतराशी जुळतं का. मग सगळ्या बिंदूंची मिळून जी साखळी सगळ्यात पटण्यासारखी, ती निवडायची. मला ही कल्पना फार आवडते. सुटा बिंदू बघितला तर जवळचा रस्ता खरा वाटतो. पूर्ण माळ हातात धरली की गाडी कुठून गेली ते कळतं.

बसवणं अवघड गेलं नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला मोफत नकाशा. जिओफॅब्रिक या साइटवरून त्याचा वेस्टर्न झोन, म्हणजे महाराष्ट्र येतो तो भाग, उतरवला, डॉकर या प्रोग्राम चालवायच्या साधनात वल्हाला चालू केलं, टाइल्स, म्हणजे वल्हालाला वाचता येतील असे नकाशाचे तुकडे, तयार झाल्या. बिंदू मात्र आधी निवडावे लागले. रेंज नसलेल्या शिवारात यंत्र बिंदू साठवतं आणि रेंज आली की एकदम ओततं, त्यामुळं आल्या क्रमानं घेतले तर गाडी मागं-पुढं उड्या मारते. वेळेनुसार लावले, दुबार आलेले काढले, उभ्या गाडीचा घोळका एका बिंदूवर आणला.

पहिली अडचण महामार्गावर आली. ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग दुभाजकामुळं नकाशात दोन एकेरी रेघांनी काढलेला आहे. आमचे टँकर फाट्यावरून निघून पुढच्या कटपर्यंत राँग साइडनं जातात. वल्हालाला एकेरी रस्त्यावर उलटं जाणं मंजूर नाही, म्हणून ते गाडीला भलत्या कटपर्यंत नेऊन परत आणायचं आणि फेरीत तीन-चार किलोमीटर फुकटचे वाढायचे. ‘इग्नोर वनवेज’ ही सेटिंग सापडली तेव्हा ते थांबलं. राँग साइडनं जाणं चूकच आहे, पण हिशेब गाडी जिथून गेली तिथला लागला पाहिजे.

खरा प्रश्न पुढं होता. एका टँकरची फेरी ड्रायव्हरच्या वहीत १९ किलोमीटर आणि माझ्या हिशेबात १३. निकाल उघडून बघितला तर मधले सत्तर-ऐंशी बिंदू ‘अनमॅच्ड’, कुठल्याच रस्त्याशी न जुळलेले. ऑफिसात लगेच बोलणं सुरू झालं, की ड्रायव्हर मामानं वहीत आकडा वाढवला. बिंदूभोवती किती अंतरातले रस्ते शोधायचे, ती त्रिज्या मी ५० मीटरवरून १०० केली. बिंदू जुळले, पण शेजारच्या दुसऱ्याच गाडीवाटेला जाऊन चिकटले, आणि ती वाट तर मध्येच संपत होती. रिकाम्या जागेपेक्षा हे वाईट, कारण वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. त्रिज्या परत ५० वर आणली.

मामांना विचारलं तर म्हणाले, “ताई, म्या वाकडा गेलोच नाही. गावातला पूल खचलाय. कॅनॉलनं जातो. बसा गाडीत, दावतो.”

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये बसले. जायकवाडीच्या उजव्या कालव्याच्या कडेनं मुरमाचा रस्ता जातो. एका बाजूला कालव्याचं अस्तर, दुसऱ्या बाजूला ऊस आणि वेड्या बाभळी. टँकर भरलेला, म्हणून मामा दुसऱ्या गिअरच्या वर जात नव्हते. मी मोबाइलवर दर पाच सेकंदांनी बिंदू घेत गेले. नकाशात तिथं निळी रेघ होती, कालव्याची. रस्ता नव्हताच.

त्या रात्री उपग्रह चित्र आणि माझे बिंदू समोर ठेवून तो रस्ता मी ओपनस्ट्रीटमॅपवर काढला. जिओफॅब्रिकची फाइल रोज नवी होते, म्हणून दोन दिवसांनी उतरवली आणि टाइल्स पुन्हा बांधल्या. आता आकडा आला २७!

रेघ मोठी करून बघितली. कालव्याचा रस्ता जिथं गावच्या डांबरी रस्त्याला मिळतो, तिथं दोन रेघा एकमेकींवरून गेल्या होत्या. नुसत्या डोळ्यांना तो चौक दिसतो. पण दोघींचा सामाईक बिंदू, म्हणजे नोड, नव्हता, आणि नोड नसला की साधनाच्या लेखी तिथून वळताच येत नाही. म्हणून ते दुसऱ्या टोकानं वळसा घालत होतं. एक नोड जोडला, पुन्हा दोन दिवस थांबले, पुन्हा टाइल्स बांधल्या. आकडा १८.६.

तो दिवसभराचा निकाल छापून मी साहेबांपुढं ठेवला आणि मामांच्या बिलातले कापलेले किलोमीटर परत लावून घेतले. बोलणारे मामांना काही म्हणाले नाहीत. मला वाटतं, म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी मामा ऑफिसात आले तेव्हा त्यांना स्क्रीनवर रेघ दाखवली. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून विहिरीपासून गावापर्यंत नेलं. एका जागी बोट थांबलं.

“इथं नाही वळत. दोन बाभळी सोडून पुढं. इथं गाळात गाडी फसते.”

मी उपग्रह चित्र मोठं केलं. दोन बाभळींच्या पुढं चाकोरीची फिकट पट्टी दिसत होती. ते शेजारी उभे असतानाच मी वळण तिकडं सरकवलं.

“आता तलवाड्याच्या बाजूचं दाखवा,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.