दुसऱ्याच्या घराचा हप्ता

"आप्पा, घर बठी पैसा येतस म्हने. आपले जमी का हाई?"

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याने तिकडे एका घराची 'नोट' विकत घेतली, ही बातमी यावलपासून पारोळ्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण लग्नाच्या पंगतीत भरीत वाढणारासुद्धा मला हाच प्रश्न विचारतो. जळगावात बँकेच्या वसुली खात्यात माझी उमर गेली, म्हणून मला कळत असेल असा लोकांचा समज. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो.

तिकडे घरावर कर्ज काढलं की दोन कागद होतात. एकात कर्जदार लिहून देतो की एवढी रक्कम, एवढ्या व्याजाने, एवढ्या हप्त्यांत फेडीन. ती नोट. दुसरा गहाणाचा: फेडलं नाही तर घर विकून वसूल करा. ही नोट विकता येते. घर राहणाऱ्याचंच राहतं, फक्त हप्ता नव्या धन्याकडे जातो. गळकं छत, तुंबलेली मोरी, यातलं काही त्याच्या गळ्यात येत नाही. म्हणून सगळ्यांना ती हवीशी वाटते.

भाच्याच्या नोटेत 40,000 डॉलर मुद्दल बाकी होतं, व्याज 8 टक्के, मुदत दहा वर्षं. हप्ता महिन्याला 485 डॉलर. त्याला ती मिळाली 32,000 ला. हप्ते सगळे वेळेवर आले तर त्याच्या पैशावर वर्षाला 13 टक्क्यांच्या वर सुटतात.

तेरा ऐकलं की लोकांचे डोळे चमकतात. थांबा जरा. त्या 485 मध्ये नुसतं व्याज नाही, त्याचंच मुद्दल थोडं थोडं परत येतंय. शेवटचा हप्ता आला की हातात कागद रिकामा. केळीला निदान पीलबाग धरता येते, त्याच खोडाच्या पिलावर दुसरं पीक निघतं; नोटेला असा खोडवा नाही. आलेला हप्ता पुन्हा कुठे गुंतवला नाही आणि खाऊन टाकला, तर मुद्दलच खाल्लं म्हणायचं.

आता माझा पहिला प्रश्न, जो मी भाच्यालाही विचारला होता: समोरच्याने 8,000 डॉलर का सोडले?

हे मी असंच शिकलो नाही. आमच्याकडे पतसंस्था बुडाल्या तेव्हा एकीत माझ्याही ठेवीच्या पावत्या होत्या. दुसऱ्यांची कर्जं वसूल करणारा माणूस, आणि दीड टक्का जास्त व्याजाला भुललो! (घरी हा विषय अजून निघतो, पोळीचा घास घशात असतानाच.) त्या संस्थेने आमचे पैसे प्लॉट गहाण घेऊन वाटले होते. कागदावर प्लॉटची किंमत अशी, की तिथे जाऊन पाहिलं तर बाभळी. पुढे एक जण घरी आला, म्हणाला, पावती शंभराची असली तरी चाळीस देतो, आजच्या आज. हीच पावती तो संस्थेच्या कर्जदाराला देणार आणि तो पूर्ण शंभराच्या भावाने आपल्या कर्जात वळती करून घेणार. माझ्या गल्लीतल्या एका विधवा बाईंनी दिली. मी दिली नाही, आणि पुढे चाळीसही हाती आले नाहीत. तेव्हापासून स्वस्तात मिळणारा कागद दिसला की माझं लक्ष घेणाऱ्याकडे नसतं, विकणाऱ्याकडे असतं.

भाच्याच्या बाबतीत कारण साधं निघालं. मूळ मालकाने घर हप्त्याने विकलं होतं, त्याला आता रोख हवी होती, आणि राहणाऱ्याने पूर्वी दोनदा हप्ता चुकवला होता. हे दुसरं कारण विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. खात्याचा उतारा मागवल्यावर दिसलं. घरपट्टी थकली आहे का, हेही त्याला पाहायला लावलं, कारण टेक्सासमध्ये थकलेला मालमत्ता कर गहाणाच्याही आधी वसूल होतो.

आपल्याकडे जमेल का? तशी नोट नाही जमणार. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बँका आपली कर्जं दुसऱ्या बँका, वित्त कंपन्या, थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्या अशांनाच विकू शकतात, तुम्हा-आम्हाला नाही. आणि स्वतःच गहाण घेऊन पैसे वाटायचा धंदा मांडलात तर ती सावकारी. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने त्याला परवाना लागतो. तारण असेल तर शेतकऱ्याकडून वर्षाला 9 टक्के, इतरांकडून 15, यापुढे जाता येत नाही. गावात शेकडा तीन दरमहा चालतं म्हणजे वर्षाला 36. ते सगळं चोरीचं. गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायची जुनी खोड आहे ना, तिच्यावरही घाला आहे: सावकारीत गेलेली जमीन जिल्हा निबंधक परत देववू शकतात. कुणाच्या सातबाऱ्यावर आपला बोजा चढवून घरबसल्या खाऊ, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आधी वकिलाकडून समजून घ्यावं. नवापूर-तळोदा भागातल्या आदिवासी जमिनीच्या तर वाटेलाच जाऊ नये.

'घरबसल्या' या शब्दाचंच मला हसू येतं. घरबसल्या पैसे येतात, कारण दुसरा कुणीतरी दारोदार फिरत असतो. बावीस वर्षं तो फिरणारा मी होतो. उन्हाळ्यात चोपड्याच्या रस्त्याला स्कूटर लावून, समोर बसलेल्या माणसाच्या चपला पाहून हप्ता येणार की नाही हे ओळखायचो.

गेल्या पावसाळ्यात भाच्याचा फोन आला. दोन हप्ते आले नव्हते. टेक्सासचा कायदा झटपट आहे: राहत्या घराला आधी 20 दिवसांची नोटीस, मग किमान 21 दिवसांची लिलावाची, आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. कोर्टात खटला चालवावाच लागतो असं नाही. "मामा, नोटीस काढू का?"

म्हटलं, आधी विचार, का थांबला.

तो माणूस पाठीच्या ऑपरेशनने घरी पडून होता. भाच्याने चार महिने अर्धा हप्ता घ्यायचं ठरवलं, राहिलेलं शेवटी जोडलं. त्या लिखापढीचे वकिलाला वेगळे पैसे पडले. पाचव्या महिन्यापासून पूर्ण हप्ता सुरू झाला आहे, 11 तारखेच्या ऐवजी 19 ला येतो. भाचा दर महिन्याला 11 पासूनच मोबाइल बघत बसतो.